विरघळणारा धागा

गेल्या चवथीच्या पंधरा दिवस आधी डॉक्टरांनी माझ्या रक्ताचा कागद आधी चष्म्यातून पाहिला, मग चष्म्यावरून पाहिला आणि म्हणाले, "मास्तर, कोलेस्टेरॉलची गोळी एवढ्यात नको. आहारात सोल्युबल फायबर वाढवा." मी मान डोलावली. तेहेतीस वर्षं मराठी शिकवल्यामुळे काही न कळता डोलावलेली मान मला शेवटच्या बाकावरचीसुद्धा ओळखता येते. डॉक्टरांनाही ती येत असावी. "म्हणजे विरघळणारे तंतू," असं भाषांतर करून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

गोव्यातल्या आमच्या साखळी गावच्या बाजारातून घरी येईपर्यंत मी त्या दोन शब्दांशीच झगडत होतो. तंतू म्हणजे धागा. धागा ओढता येतो, तोडता येतो, फार झालं तर जळतो. तो विरघळतो कसा? उद्या कोणी 'वितळणारी सुई' म्हटलं तर मी वहीत लाल रेघ ओढली असती. आमच्या गावात भांडण कोंकणीत होतं आणि पत्र मराठीत लिहिलं जातं, पण या शब्दासाठी दोन्हीकडे काही सापडेना. जुन्या माणसांचा 'चोथा' हा शब्द आठवला. चोथा तर चघळून थुंकायचा असतो, आणि हा म्हणे गिळायचा आणि वर तो पाण्यात विरघळणार.

औषधाच्या दुकानातल्या पोरानं इसबगोलाचं खोकं पुढे केलं आणि त्याच्या शेजारी संत्र्याच्या चित्राचा एक डबा ठेवला. "हा भारी आहे मास्तर, यात पेक्टिन आहे. फळातलं." किंमत वाचून मी डबा परत ठेवला. एवढ्या पैशांत सोमवारच्या बाजारात पिशवी फाटेपर्यंत फळं येतात. फळात आहे तर फळच का खाऊ नये, असं मी विचारलं. पोरगा म्हणाला, "खावा की. पण फळाला एमआरपी नसते, म्हणून लोक विश्वास ठेवत नाहीत."

निवृत्त माणसाला एक शब्द पुरतो. आमच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवणारे माझे जुने सहकारी दोन घरं पलीकडे राहतात. ओसरीवर बसून त्यांनी मला पेक्टिन समजावलं, तेही पुराव्यासकट, म्हणजे समोरच्या कुंपणाकडे बोट दाखवून. कुंपण चिऱ्यांचं आहे, आमच्याकडे सगळंच चिऱ्यांचं असतं. "झाडाची प्रत्येक पेशी म्हणजे एक चिरा समजा," ते म्हणाले. "दोन चिऱ्यांच्या मध्ये जो माल भरतात ना, तेच पेक्टिन. फळ कच्चं असतं तेव्हा माल घट्ट असतो. पिकायला लागलं की फळ स्वतःच आतून तो माल पोखरायला लागतं, त्यासाठी त्याच्याकडे वितंचकं असतात. मग चिरे सुटे होतात. पेर मऊ लागतो तो असा." पेर म्हणजे पेरू. साखळीत पेरूचा शेवटचा ऊकार कोणी वाया घालवत नाही.

मग धागा का म्हणायचं? तर साखरेची एक बहीण आहे, गॅलॅक्ट्युरॉनिक आम्ल नावाची. तिच्या शेकडो कड्या एकापुढे एक जोडल्या की ही साखळी होते. (नाव ऐकून मी उगाचच सुखावलो.) ही साखळी आपल्या पोटातल्या पाचकरसांना तोडता येत नाही, म्हणून ती फायबरच्या जातीत बसते. पाण्यात मात्र ती फुगते, पसरते आणि पाणी दाट करते, म्हणून विरघळणारी. आतड्यात हा दाट लगदा पित्ताला धरून आपल्याबरोबर बाहेर नेतो. यकृताला नवं पित्त करावं लागतं आणि त्यासाठी ते रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलतं. उरलेल्या पेक्टिनवर मोठ्या आतड्यातले जिवाणू जेवतात. त्यातलं काहीही धाग्यासारखं दिसत नाही. आमच्या घरातलं 'शास्त्रानुसार' असंच असतं, दिसत कुणालाच नाही, पण सगळे मानतात.

याचा शोध लागला तो चिंचेत, हे ऐकून मी खुर्ची पुढे ओढली. लुई निकोला व्होक्लँ नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाला १७९० मध्ये चिंचेच्या गरात हा चिकट पदार्थ आढळला. त्याच्या दोनच वर्षं आधी, १७८८ मध्ये, आमच्या उत्तरेचं पेडणे पोर्तुगिजांच्या ताब्यात गेलं होतं. म्हणजे इकडे एक फिरंगी चिंचेची झाडं जमिनीसकट घेत होता आणि तिकडे दुसरा एकाच चिंचेत डोकं घालून बसला होता. दुसऱ्याचं काम जास्त टिकलं. पुढे १८२५ मध्ये आंरी ब्राकोनो या दुसऱ्या फ्रेंच माणसानं तो पदार्थ नीट वेगळा काढून त्याचं बारसं केलं. ग्रीक भाषेत गोठणाऱ्या, थिजणाऱ्या गोष्टीला जो शब्द आहे, त्यावरून पेक्टिन. हल्ली जॅमच्या बाटलीवर बारीक अक्षरात ४४० हा आकडा असतो, तो याचाच. कैद्याला असतो तसा नंबर.

सहकाऱ्यांच्या या पाठानंतर माझ्या डोक्यात एका जुन्या अपमानाचा उलगडा झाला. काही वर्षांपूर्वी सौ. माहेरी पेडण्याला गेली असताना मी खतखतें करायचा घाट घातला होता. सुरण, बटाटे, कणगी, शेंगा, कच्ची पपई, तोरीची डाळ, तिरफळं, सगळं शिस्तीत मांडलं. आमसुलं शेवटी टाकायची असतात हे मला ठाऊक होतं, पण शेवटी विसरायची भीती वाटली म्हणून ती पहिल्याच पाण्यात टाकली. दीड तास चूल पेटली होती. पाणी आटलं, पुन्हा घातलं, पुन्हा आटलं. सुरणाची फोड मात्र पहिल्या मिनिटाला होती तशीच. त्या दुपारी मी भात आणि लोणचं जेवलो, आणि सुरणावर खापर फोडलं.

सुरणाचा दोष नव्हता. आंबट पाण्यात पेक्टिनचा माल सुटत नाही, चिरे तसेच घट्ट राहतात. म्हणून भाजी आधी शिजू द्यायची आणि मग आमसूल, चिंच, टोमॅटो काय ते घालायचं. ही गोष्ट सौ.ला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "हे कळायला फ्रान्सला जायला लागलं?" पण मला वाटतं, तिलाही ते कळलेलं नाही. तिला फक्त करता येतं. तिच्या आईनं 'सोलां मागीर' असं सांगितलं होतं, का ते सांगितलं नव्हतं, आणि हिनं विचारलंही नव्हतं. मला आजकाल सगळीकडे 'आपल्या आज्यांना हे विज्ञान माहीत होतं' असं ऐकू येतं. माझ्या आजीला विज्ञान माहीत नव्हतं. तिला उखळ कुठे ठेवलंय आणि कोण कधी जेवायला येणार हे माहीत होतं, आणि तेवढ्यावर तिचं उत्तम चाललं होतं.

आंबटाची ही करामत कळल्यावर मी पेठ्याकडेही नव्या नजरेनं पाहू लागलो. कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत बुडवून ठेवतात आणि मग पाकात शिजवतात. तरी त्या चुरत नाहीत, दाताखाली कचकन तुटतात. चुन्यातलं कॅल्शियम पेक्टिनच्या दोन साखळ्यांना मध्ये बसून बांधून ठेवतं. देशावर काही विहिरींच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून सुना बोलणी खात, त्यामागेही हेच कॅल्शियम. किती सुनांना रसायनशास्त्रानं विनाकारण छळलं असेल!

आता पेरादाबद्दल लिहिलं पाहिजे. खरं तर या सगळ्यात मला मनापासून आवडणारी गोष्ट तीच.

मी शाळेत नवीन लागलो तेव्हा म्हापशाकडचे एक ख्रिस्ती शिक्षक आमच्याबरोबर होते. चवथीला आमच्याकडून त्यांच्याकडे नेवऱ्यांचा डबा जायचा आणि नाताळात तोच डबा कुस्वार भरून परत यायचा. रिकामा डबा परत करायचा नाही हा दोन्ही धर्मांतला एकमेव निर्विवाद नियम. त्या डब्यात दोदोल, बेबिंक, कलकल आणि एका कोपऱ्यात तेलकट कागदात गुंडाळलेल्या गडद लाल वड्या असत. तो पेराद. पेरूचा गर, जवळजवळ तेवढीच साखर, लिंबाचा रस, आणि शेवटी थोडं लोणी. दाताला चिकटतो, पण ओढून धरत नाही. वास असा की कपाटात डबा ठेवला तर शेजारच्या धोतरांना लागायचा.

एकदा मी त्यांच्या घरी पेराद होताना पाहिला. तांब्याच्या मोठ्या काईलीत गर खदखदत होता आणि त्यांची आई लांब दांड्याचा लाकडी कालथा घेऊन, हातावर ओलं फडकं गुंडाळून उभी होती. फडकं कशाला, हे मला दुसऱ्याच मिनिटाला मनगटावर कळलं. पेराद उकळताना थुंकतो. एक थेंब उडाला की साखर चिकटून राहते आणि भाजत राहते, झटकून जात नाही. तासाभरानं गर काईलीची कड सोडायला लागला, कालथ्यामागे तळ दिसायला लागला, तेव्हा त्यांनी तो तूप लावलेल्या ताटात ओतला. अर्धवट पिकलेले पेरू निवडले होते. मी भाबडेपणानं म्हटलं, चांगले पिकलेले घेतले असते तर जास्त गोड झाला असता. म्हातारीनं माझ्याकडे पाहून मुलाला पोर्तुगीजमध्ये काहीतरी सांगितलं. मुलानं त्याचं भाषांतर केलं नाही. पिकलेल्या पेरूत माल पोखरला गेलेला असतो, त्याचा पेराद बसत नाही, एवढंच ती म्हणाली असेल असं मी धरून चालतो.

पेरू अमेरिकेतून पोर्तुगिजांच्या गलबतांतून आला. पोर्तुगीजमध्ये 'पेरा' म्हणजे नासपती. नव्या फळाचा आकार जुन्या फळासारखा दिसला आणि घरच्या आठवणीनं त्यांनी इथं तेच नाव वापरलं, म्हणून मराठीत पेरू आणि ताटात पेराद. त्याहून मजा दुसऱ्या एका फळाची. पोर्तुगालात 'मार्मेलु' नावाचं एक तुरट, टणक फळ होतं. कच्चं खाल्लं तर तोंड आवळून येतं, पण साखरेत शिजवलं की पेक्टिनच्या जोरावर त्याची वीट बनते. त्या विटेला ते 'मार्मेलाद' म्हणत. इंग्रजांनी शब्द उचलला, फळ टाकून दिलं, त्यात संत्र्याची साल घातली आणि मार्मलेड म्हणून पावाला फासलं. गोव्यात मार्मेलु नाही, पेरू भरपूर, म्हणून त्याच रीतीचा पेराद झाला. मूळ फळ दोन्हीकडे गेलं, राहिली ती पेक्टिनची युक्ती.

इथे मला डॉक्टर आठवले. पेराद हे जर पेक्टिनचं इतकं उत्तम रूप असेल, तर रोज दोन वड्या खाऊन कोलेस्टेरॉल का उतरवू नये? सहकाऱ्यांनी कागद-पेन्सिल घेतली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१० मध्ये म्हटलं आहे की कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवायला दिवसाला सहा ग्रॅम पेक्टिन लागतं. एका मध्यम सफरचंदात ते एक-दीड ग्रॅम असतं, म्हणजे दिवसाला चार ते सहा सफरचंदं. जॅम किंवा पेरादात शंभर ग्रॅमला फार तर एक ग्रॅम. मग सहा ग्रॅमसाठी अर्ध्या किलोच्या वर पेराद, आणि त्यातली निम्म्याहून जास्त साखर. "कोलेस्टेरॉल उतरेल," ते म्हणाले, "पण ते बघायला तुम्ही शुद्धीवर असाल असं नाही."

तरी पेक्टिनचा विषय सोडवेना. तेवढ्यात चवथ आली.

आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात हे बाहेरच्या वाचकाला सांगितलं पाहिजे. लाकडाच्या चौकटीला रानातली आणि परसातली जी जी फळं, शेंगा, पानं मिळतील ती टांगायची. चवथीच्या आधीच्या बाजारात सत्तरी तालुक्यातल्या बायका डोंगरातून आणलेली कांगलां, कवंडळं, आंबाडे, चिबूड, सुपारीचे घोस घेऊन बसतात. आणि माटोळीच्या मधोमध, सगळ्यांत खाली लोंबतं ते तोरंजन. पपनस म्हणा हवं तर. नारळाएवढं पिवळट फळ, आरतीच्या वेळी उंच माणसाच्या टाळूला हटकून लागणारं. दीड दिवस ते देवाच्या डोक्यावर असतं आणि विसर्जनानंतर ते कोणालाच नको असतं, कारण सोलायला अर्धा तास लागतो आणि आत कडू निघण्याची शक्यता अर्धी.

यंदा मी ते मागून घेतलं. सुरी घातली तर बोट बुडेल एवढी जाड पांढरी गादी लागली. लिंबू, संत्रं, पपनस या कुळात पेक्टिन मुख्यतः या पांढऱ्या गादीतच असतं, आणि जगभरचे कारखाने रस काढून उरलेल्या सालींतूनच ते काढतात. म्हणजे आपण जे सोलून गोठ्याकडे टाकतो तेच डब्यात भरून दुकानात येतं. मी गादीचे तुकडे केले, कडूपणा जावा म्हणून दोनदा उकळून पाणी फेकलं. बिया वेगळ्या काढून वाटीभर पाण्यात रात्रभर ठेवल्या. सकाळी वाटीत बोट घातलं आणि दचकून बाहेर काढलं. पाणी उचलून येत होतं. बियांभोवती बुळबुळीत, पारदर्शक, गोगलगाईच्या वाटेसारखं काहीतरी जमलं होतं. मी आनंदानं सौ.ला हाक मारली. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "अहो, ती माझी देवाची वाटी आहे."

बियांची मलमलीत पुरचुंडी बांधून, गादी, गर आणि ते पाणी एकत्र शिजवून मी गाळून घेतलं. आता यात पेक्टिन पुरेसं आहे की नाही हे पाहायची एक परीक्षा असते. चमचाभर थंड रसात तीन चमचे स्पिरिट घालून हलकेच हलवायचं. पेक्टिन भरपूर असेल तर जेलीसारखा एकसंध गोळा जमतो, कमी असेल तर नुसत्या चिंध्या. तो नमुना मग फेकायचा, तोंडात घालायचा नाही. स्पिरिट घरात नव्हतं. ओसरीवरून हा प्रकार पाहणारे आमचे एक शेजारी घरी जाऊन काजूफेणीची बाटली घेऊन आले. "जीआय मिळालेली आहे," ते म्हणाले. गोव्याच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे खरं आहे, पण ते या कामासाठी नव्हतं.

एक चमचा रस, तीन चमचे फेणी. काही झालं नाही. आणखी तीन चमचे. काही नाही. रसायनशास्त्राच्या सरांना बोलावलं. त्यांनी सांगितलं की पेक्टिनला खाली बसवायला मिश्रणात निम्म्याच्या वर अल्कोहोल लागतं. फेणीत मुळातच ते बेचाळीस-त्रेचाळीस टक्के, रसात मिसळल्यावर आणखी उतरतं. फेणी कमी पडली असं साखळीत मी पहिल्यांदाच ऐकलं. जाता जाता सरांनी हेही सांगितलं की फळ आंबताना पेक्टिनमधूनच चिमूटभर मिथेनॉल सुटतं, म्हणून भट्टीवाला ऊर्ध्वपातनाची पहिली धार बाजूला काढतो. शेजाऱ्यांनी ग्लास थोडा दूर धरून पाहिला. मग "हें पयलें न्हय," म्हणत परीक्षेचा नमुना पिऊन टाकला आणि चव बरी आहे, किंचित कडवट, असा निकाल दिला.

स्पिरिटशिवायच पुढे गेलो. वाटीला वाटी साखर, वर दोन लिंबांचा रस. साखर पेक्टिनजवळचं पाणी ओढून घेते, आंबटपणा साखळ्यांमधला दुरावा कमी करतो, आणि मग त्या एकमेकींना धरतात. तिघांपैकी एक जरी कमी पडला तरी सरबत. एकशे चार-पाच अंशांवर ते बसतं असं वाचलं होतं, पण आमच्या घरात थर्मामीटर फक्त काखेत ठेवायचा. म्हणून बशी फ्रीजमध्ये गार केली, तिच्यावर थेंब टाकला, बोटानं ढकलला. पहिल्यांदा पाणी. दुसऱ्यांदा पाणी. मनगटावर एक थेंब, जुन्या डागाच्या अगदी शेजारी. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. पाचव्यांदा ढकलल्यावर थेंबाच्या अंगावर एक बारीक सुरकुती उठली आणि तशीच राहिली. माझ्या वयाच्या माणसाला सुरकुतीचा इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

तीन बाटल्या भरल्या. रंग वाळवंटी नदीच्या पावसाळ्यातल्या पाण्याचा, सौ.च्या मते डिझेलचा. संध्याकाळी पाहिलं, पातळ. जेवणानंतर पाहिलं, पातळ. सर म्हणाले होते, या कुळातली जेली कधीकधी दोन दिवस घेते. शेजारी विचारायला येऊन गेले, त्यांच्याकडे उरलेली फेणी होती आणि सरबतात काय घालता येईल याची योजना होती. मी त्यांना थोपवलं.

रात्री दोनला जाग आली. वाळवंटीच्या बाजूनं बेडकांचा आवाज येत होता. टॉर्च घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो आणि फळीवरच्या मधल्या बाटलीला हात घातला. तिरपी केली. वरची कड किंचित सरकली आणि थांबली, की मला तसं वाटलं. पुन्हा तिरपी करणार एवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला.

"अहो, हलवू नका. बसतंय ते."

मी टॉर्च मालवला आणि बाटली होती तिथं ठेवली.